चढवलेला आवाज

कारंज्याच्या एका कॉलेजात दरवर्षी लघुपटांची स्पर्धा भरते. तिथे मराठी शिकवणारी धम्मदीपा यंदा परीक्षक होती. दुसरे परीक्षक शेषराव, निवृत्त शिक्षक, उभी हयात गावोगावच्या नाटकांत घालवलेले. प्रत्येक चित्रपटाच्या जमेच्या आणि कच्च्या बाजू लिहून द्यायच्या, एवढंच काम.

बारावा चित्रपट ऋषिकेशचा होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा, धनजकडच्या खेड्यातून रोज एसटीने येणारा, वर्गात कधी तोंड न उघडणारा पोरगा. तुरीच्या वावरातल्या मोटरीच्या खोलीत मित्रांना एक फोन सापडतो आणि त्यातलं चित्रीकरण आपण बघतो, अशी कथा. फोनवाल्याच्या घरातल्या सुनेला भुतानं झपाटलेलं असतं.

पहिली दहा मिनिटं धम्मदीपाला कंटाळाच आला. पोरं भ्यायल्याचं सोंग करत होती, दारं आपोआप आपटत होती, भीतीच्या जागी ढोल वाजत होता. सापडलेल्या फोनमध्ये ढोल कुठून आला? आणि भूत अंगावर येत असताना चित्रीकरण करणारा पोरगा फोन धरून उभाच कसा राहतो? पळत का नाही? तिने हे सगळं कच्च्या बाजूंत लिहिलं.

मग स्वयंपाकघर आलं. एका बाईला दोघांनी दाबून धरलं होतं. कपाळभर शेंदूर माखलेला तिसरा तिच्या नाकाखाली मिरच्यांची धुरी धरत होता. तिचा जबडा आवळलेला, मनगटं आत वळलेली, डोळे पांढरे. तिच्याकडून घोगरा पुरुषी आवाज येत होता. सहा मिनिटं, कुठेही न तोडलेली. फोन थरथरत होता, पण तिच्यावरून हटत नव्हता.

"याले म्हणतात काम," शेषराव पुटपुटले. "पयला नंबर याचाच."

धम्मदीपाने 'अभिनय अस्सल' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी झटके यायचे. असाच जबडा, अशीच मनगटं तिने स्वतःच्या हातांनी धरली होती. बाईच्या पायाच्या अंगठ्याचं नख उचकटलं होतं आणि सारवलेल्या जमिनीवर रक्त फरफटत गेलं होतं. तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

दुपारी तिने ऋषिकेशला रिकाम्या वर्गात बोलावलं.

"त्या बाई कोण?"

"माही वहिनी. निकिता वहिनी."

"मला भेटायचंय त्यांना."

तो बाकावरच्या कोरलेल्या नावांकडे बघत राहिला. "वारली ते. पोळ्याच्या आधी."

धम्मदीपा समोरच्या बाकावर बसली. त्याने तुटक तुटक सांगितलं. चार दिवस ताप होता. मग झटके यायला लागले. तो म्हणाला, दवाखान्यात नेऊ. त्याचा मोठा भाऊ, निकिताचा नवरा गोविंदा म्हणाला, हे बाहेरचं आहे, महाराजाला बोलवू.

"डॉक्टरले दाखवता येईन म्हणून फोन काढला म्या."

"दाखवलास?"

"नाही."

"आणि तो आवाज?"

"तो मागून चढवला. कम्प्युटरवर."

"मूळचा आहे का?"

त्याने खिशातून फोन काढून बाकावर ठेवला आणि सुरू केला. त्यात घोगरं काही नव्हतं. झटका ओसरला की एक मुलगी खोकत, धापा टाकत बोलत होती. "भाऊजी, फोन ठेवा ना. मले पानी द्या. भाऊजी, मले धरा."

बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं. धम्मदीपाने फोन बंद केला.

"का नाही ठेवलास?"

"समजलंच नाही, मॅडम. हातात फोन होता तवरोक वाटे, मी काहीतरी करून राह्यलो."

"मग हा सिनेमा कशाला केलास?"

"घरात कोणी तिचं नाव घेत नाही. बाहेरची हवा लागली, गेली, एवढंच म्हणतात. म्हटलं, कोणी तरी पाहीन, इचारीन."

"विचारलं कोणी?"

"दोस्तांनं इचारलं, मेकअप कोणी केला म्हणून."

तिने त्याची समजूत काढली नाही. "तिच्या आईला हे ऐकवायला पाहिजे," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

शनिवारी दोघं बसने शिरपूरला गेली. निकिताची आई रामीबाई मजुरीवरून नुकतीच आली होती. गोविंदाच्या घरच्यांनी तिला सांगितलं होतं की भूत माहेरूनच आलं. ही गोष्ट गावात पसरली आणि धाकट्या पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. रामीबाईने ऋषिकेशला ओळखलं, पण बसायला सांगितलं नाही.

धम्मदीपाने जमेल तेवढ्या सरळ शब्दांत सांगितलं.

"चित्र नको मले," रामीबाई म्हणाली. "आवाज ऐकव."

तिने फोन कानाशी धरला. सहा मिनिटं ती हलली नाही. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं.

"तिचाच आवाज हाये," ती म्हणाली. "मले सांगतलं होतं का पोरीत पोरीचं काहीच उरलं नव्हतं." मग ऋषिकेशकडे वळली. "तुले भाऊजी म्हणून राह्यली होती ते."

तो उंबऱ्यापाशी खाली बसला. तिने त्याला उठवलं नाही, रागावलीही नाही. लुगड्याचा पदर खोचला आणि चपला घातल्या.

"चाल. ठाण्यात चाल."

तक्रार रामीबाईने दिली, फोन ऋषिकेशने. महाराज मानोऱ्याकडे सापडला. गोविंदालाही धरलं, पुढे तो जामिनावर सुटला. चित्रपट स्पर्धेतून बाद झाला. शेषरावांनी धम्मदीपाला दोनदा विचारलं, "पण मॅडम, खरंच काम नव्हतं ते?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. ऋषिकेशच्या बापाने त्याला घरात घेतलं नाही. तो आता कारंज्यात एका खोलीत राहतो.

तारखेला धम्मदीपा कधी कधी कोर्टात जाते. रामीबाई ऋषिकेशशी बोलत नाही. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. शेजारी बसलेल्या कोणत्याही अनोळखी बाईला रामीबाई आपणहून सांगते, "माह्या पोरीले ताप होता. तिनं पानी मांगतलं होतं." बाई हळहळते. ऋषिकेश मान खाली घालून ऐकतो.