माझं डोकं जागेवरच राहील

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. मोडकी म्हणाल तर मात्र आपलं जमणार नाही. मी पायाने चालवायची शिवणाची मशीन आहे. बिडाच्या पायांवर उभी, काळी, जड, आणि एकच सरळ टाका जाणणारी.

कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले, मला तेल पाजलं गेलं, आणि मी एका घरात खिडकीपाशी येऊन उभी राहिले. तिथे एक बाई लोकांचं शिवणकाम करायची. तिची मुलं तिला आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणते. माझ्यामागून त्या खोलीत आणखी दोघी आल्या. मधली विजेवर चालणारी, नाना नक्ष्या काढणारी. आईच्या मुलाने ती हौसेने आणली होती. धाकटी कापडाच्या कडा कापत कापत बांधून टाकणारी. आई आम्हाला 'तिघी जावा' म्हणायची. "एकीचं काम दुसरीला सांगितलं की घरात भांडण," असं गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

कोणतं काम कोणाचं, हे ती कापडालाच विचारायची. दोन्ही चिमटींत धरून ते एकदा आडवं ताणायचं. ताणलं गेलं, तर मधलीचं. टी-शर्ट, नाचाचे घट्ट पोशाख, पोहण्याचे कपडे. मधलीचा नागमोडी टाका कापडाबरोबर ताणला जातो, माझा तटकन तुटतो. कडेचे धागे सुटत असतील, तर कड धाकटीकडे. आणि जे कापड ताणल्यावर ढिम्म हलत नाही, ते माझं. दप्तरं, गाद्यांच्या खोळी, जाड पडदे, तंबू. एकदा घाईत कुणीतरी माझ्यावर टी-शर्ट शिवायला घेतला. मी टाके सोडले, भरपूर सोडले. त्याची मला आजही लाज वाटत नाही. माशाला झाडावर चढायला लावून वर त्यालाच आळशी म्हणायचं, हा कुठला न्याय?

माझं कौतुकही खूप झालं. "टाका बघा, आखून काढल्यासारखा!" म्हणत लोक दप्तरं उलटी करून बघायचे.

मग आई आजारी पडली, आणि गेली. खिडकीपाशी कुणी बसेना. माझ्यावर आधी इस्त्रीचे कपडे साठले, मग औषधांचे रिकामे खोके, मग धूळ.

एके दिवशी मुलगा म्हणाला, "आईची आठवण घरात राहिली पाहिजे. थोरलीचं हेड काढू आणि पायांवर जाड काच बसवू. हॉलमध्ये काय झकास टेबल दिसेल!" हेड म्हणजे माझं डोकं, जिथे सुई असते. मित्रांनो, आठवण ठेवायची आणि आईचे हात जिथे असायचे नेमकं तेच काढून टाकायचं? मुलगा वाईट नव्हता. आईच्या चपला तो रोज पुसून ठेवायचा. पण त्याने सुताराला बोलावलं.

सुतार यायचा त्याच सकाळी मुलगी आईचं अर्धवट काम घेऊन बसली. बाबांच्या आरामखुर्चीचं कापड फाटलं होतं. ते स्टुलावर पाठ अवघडून बसायचे, पण दुसरी खुर्ची नको म्हणायचे. नवं कॅनव्हास आईने कापून, खडूने खुणा करून ठेवलं होतं. मुलीने ते मधलीवर घेतलं. खुर्चीची काठी ओवायच्या जाड घडीशी सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. मधली गरम होऊन गुरगुरू लागली.

"अगं, कापडच खराब आहे," भाऊ म्हणाला. "नवी खुर्ची आणू."

"कापडाला नावं ठेवू नकोस," बाबा स्टुलावरून म्हणाले. "तिने निवडलंय ते."

मुलीने कापड चिमटीत धरून ताणलं. ते हललं नाही. ती उठली आणि माझ्यावरचे खोके उतरवू लागली.

"हे काय करतेस? सुतार येईल ना!"

"टेबलाला शिवता येत नाही, दादा."

तिने मला तेल दिलं, जाड सुई घातली, जाड दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात पायडल उलटं पडलं आणि दोऱ्याचा गुंता झाला.

"आईने टपली मारली असती," भाऊ म्हणाला.

"मग मार ना तू."

त्याने मारली नाही. तो पलीकडे जाऊन उभा राहिला आणि कापडाचा लोंबता भार दोन्ही हातांनी उचलून धरला. घडीशी मुलीने पाय थांबवला आणि चाक हाताने, सावकाश फिरवलं. मी सगळे थर भेदून पलीकडे गेले. करकरले, पण गेले.

तेवढ्यात सुतार टेप उघडत आत आला. "कुठल्या मशीनचं टेबल करायचंय?"

भावाच्या हातात अजून कॅनव्हास होतं. "टेबल राहू द्या," तो म्हणाला. "या खुर्चीच्या काठ्या जरा तासून द्या. शिवण घट्ट झालीय."

संध्याकाळी बाबांनी खुर्ची ओढत आणून माझ्या अगदी लगत मांडली आणि सावकाश पाठ टेकली.

मित्रांनो, मला जपून ठेवू नका. झाकून तर मुळीच ठेवू नका. मला काम सांगा. माझं असेल तर करीन, नसेल तर तोंडावर नाही म्हणेन. आणि कुणी काच घेऊन आलंच, तर त्याला आधी बाबांना उठवावं लागेल.