शंभर टक्के बचत

नीलम वानखडेला अर्धवट आकडा सहन होत नसे. अकोल्याच्या कडधान्य संवर्धन मंडळात ती प्रयोगशाळा सहायक होती. तुरीच्या दाण्यातला ओलावा दशांशानंतर दोन घरं लिहून झाल्याशिवाय तिला दुपारचा चहाही गोड लागत नसे. त्यामुळे जानेवारीत ‘हरित कार्यालय’ स्पर्धेचं परिपत्रक आलं, तेव्हा गजेंद्र काळमेघ साहेबांनी ते न वाचताच तिच्या टेबलावर सरकवलं.

परिपत्रक साधं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्याचा रोजचा वापर मोजायचा, एप्रिल-मेमध्ये पुन्हा मोजायचा आणि निदान तीस टक्के बचत दाखवायची. नीलमने बोअरच्या पाइपावर मीटर बसवून घेतलं. आठवड्याने आकडा हाती आला: दिवसाला सहाशे वीस लिटर. त्यातले चारशे लिटर भिंतीबाहेरच्या नळातून मागच्या वस्तीत जात. तिथल्या बावीस घरांना प्यायला दुसरं धड पाणी नव्हतं, म्हणून चार वर्षांपूर्वी अर्जांवर अर्ज करून तो नळ नीलमनेच बसवून घेतला होता. उरलेल्या दोनशे वीस लिटरमध्ये सतरा माणसं, प्रयोगशाळेची भांडी आणि उन्हाळ्यात साहेबांचा कूलरसुद्धा भागत असे. याचं श्रेय शिपाई मोतीरामला. तो खारपाणपट्ट्यातला. लहानपणापासून विहिरीचं खारट पाणी प्यायलेला, त्यामुळे गोडं पाणी सांडणं त्याच्या लेखी पाप होतं.

नीलमने अहवालात लिहिलं, की आपला वापर मुळातच कमी आहे, बचतीला वाव नाही.

साहेबांचा चेहरा पडला. पहिला क्रमांक येणाऱ्या कार्यालयाच्या प्रमुखाचा अमरावतीत, विभागाच्या कार्यक्रमात सत्कार होणार होता. त्यांनी थोडा वेळ पेन्सिलीने टेबल वाजवलं.

“मॅडम, पहिला आकडा वाढवता येईल का?”

“खोटा आकडा मी लिहिणार नाही, साहेब.”

“खोटा कोण म्हणतं? खराच वाढवू.”

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी आवारात हिरवळ लावायला माणसं आली. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, काळ्या मातीत हिरवळ. माती आधीच भेगाळायला लागलेली. ती पाणी प्यायली आणि आणखी मागत राहिली. कर्मचाऱ्यांनी आपापल्या गाड्या रोज कार्यालयातच धुवाव्यात, अशी लेखी सूचना निघाली. गच्चीवरची टाकी वाहायला लागली तरी पंप बंद करायचा नाही, हे तोंडी सांगण्यात आलं. मोतीराम हातात नळी धरून उभा राही, तो मयतीला उभा राहावा तसा.

“मॅडम, आमच्या गावी एवढ्या पान्यात लगन निघते,” तो एकदा म्हणाला आणि तोंड फिरवून पुन्हा हिरवळ भिजवायला लागला.

मीटर रोज नऊ हजार लिटर दाखवत होतं. नीलम रोज सकाळी ते नोंदवत होती. एकही आकडा खोटा नव्हता, आणि तिची पंचाईत तीच होती. खोट्यावर सही न करणं तिला जमलं असतं. खऱ्यावर सही कशी नाकारावी, हे तिला कुठल्याच प्रयोगशाळेत शिकवलेलं नव्हतं. तिने आपल्यापुरतं एक केलं. दोरीला वजन बांधून ती बोअरमधली पाण्याची पातळीही मोजायला लागली. पंधरा दिवसांचा तक्ता घेऊन ती साहेबांकडे गेली आणि पाणी रोज दीड फूट खाली जातंय, एप्रिलमध्ये बोअर आटेल, असं तिने सांगितलं.

“एप्रिलमध्ये आपल्याला वापर कमीच करायचाय ना?” साहेब म्हणाले.

मार्च संपता संपता, रोज पाणी पिऊनही, हिरवळ वाळली. एक एप्रिलला बोअरने नुसती हवा सोडली. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या गंगूबाई पाण्याचा रिकामा गुंड कमरेवर घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात आल्या.

“बाई, नळ बंद केला का तुमी?”

“बंद नाही केला, गंगूबाई. पाणी संपलं.”

“संपलं?” गंगूबाईंनी गुंड फरशीवर ठेवला. “आता आता तं तुमच्या मोटारी न्हाऊन राहिल्या होत्या.”

 नीलम उठून साहेबांच्या खोलीत गेली आणि वस्तीसाठी टँकर मागितला. साहेबांनी समजावून सांगितलं, की टँकर मागवला की त्याचं पाणी कार्यालयाच्या वापरात धरावं लागणार आणि बचत बिघडणार. त्यांच्या मागे कूलर गारेगार चालला होता. त्यात रोज विकतच्या पाण्याचे दोन जार ओतले जात. जार चहापाण्याच्या खर्चात येतो, तो वापरात धरत नाहीत.

मेअखेर अंतिम अर्ज भरायचा होता. बचतीच्या कारणापुढे तीन पर्याय होते: तांत्रिक सुधारणा, कर्मचाऱ्यांमधील जागृती, इतर. नीलमने ‘इतर’वर खूण केली आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘बोअर आटली.’ साहेबांनी न वाचता सही केली. बचत शंभर टक्के. विभागात पहिला क्रमांक.

अमरावतीच्या सभागृहात साहेबांना शाल मिळाली आणि सादरीकरणाला नीलमला उभं करण्यात आलं, कारण आकडे तिलाच पाठ होते. टँकर मंजूर करू शकणारे वरिष्ठ पहिल्याच रांगेत बसले होते. तिने पडद्यावर एकच आलेख दाखवला. मीटरची रेघ वर जात होती, पाण्याची खाली.

“आम्ही बचत केलेली नाही,” ती म्हणाली. “आम्ही दोन महिन्यांत बोअर संपवली. बावीस घरांचा नळ कोरडा आहे. तिथे टँकर मंजूर करावा, एवढीच विनंती आहे.”

काळमेघ साहेब शालीची घडी नीट करायला लागले. पहिल्या रांगेतले वरिष्ठ सौम्यपणे म्हणाले, की सादरीकरण फार पारदर्शक झालं. टँकरचा विषय मात्र दुसऱ्या शाखेचा आहे, त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा. मग त्यांनी कुणाला शंका आहेत का, असं विचारलं.

अमरावतीच्याच एका कार्यालयाचे प्रमुख ललित बोंडे उठले. त्यांची डायरी उघडी होती.

“मॅडम, आमची बोअर तुमच्यापेक्षा शंभर फूट खोल आहे. पुढच्या वर्षी मार्चअखेर आटवायची तर पंप किती एचपीचा लागेल?”

मागच्या रांगांमध्ये आणखी चार-पाच डायऱ्या उघडल्या.

नीलमने त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर तिला येत होतं. आकडेमोड फार तर दोन मिनिटांची होती.

“आधी तुमच्या भिंतीबाहेर कोण पाणी भरतं, ते मोजा,” ती म्हणाली.

बोंडे साहेबांनी ते लिहून घेतलं. मग पेन थांबवून त्यांनी मान वर केली.

“हे कोणत्या रकान्यात भरायचं?”