कुलूपबाई

"बाप आहे मी तिचा! बाप!" खिडकीच्या जाळीवर हात आपटत तो गृहस्थ ओरडला. "पोरगी पास झाली की नापास, एवढं सांगायला तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलंय?"

"लागलंय," बाई आतून शांतपणे म्हणाल्या. "मुलीची सही आणा, मग उघडतं."

रांगेत खसखस पिकली. विद्यापीठाच्या रेकॉर्ड विभागात या बाईंना सगळे कुलूपबाईच म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. मूल सज्ञान झालं की त्याचे गुण, त्याची हजेरी, त्याची फाईल त्याची एकट्याची. आईबापांना बघायची असेल तर मुलाची लेखी परवानगी हवी. नियम वरून आलेला होता, पण तो जीव ओतून पाळला बाईंनीच. रडणारे आले, दमदाटी करणारे आले, वरपर्यंत ओळख सांगणारे आले. बाई कुणाला म्हणून बधल्या नाहीत.

"तुम्हाला पोटचं पोर असतं ना, म्हणजे कळलं असतं," तो जाता जाता म्हणाला.

हे मात्र झोंबलं. "आहे मला मुलगा. इथंच शिकतो, शेवटच्या वर्षाला आहे. पण त्याचं काय चाललंय हे कळायला मला खिडकीत यावं लागत नाही. घरी विचारता येतं मला."

गृहस्थाचा चेहरा खर्रकन उतरला. तो रांगेतून निघून गेला. बाईंनी मोठ्या तोऱ्यात शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं बसणारी, जिला ऑफिसात सगळे धाकटी म्हणत, खाली मान घालून कागदांना टाचण्या लावत होती. एरवी बाईंच्या अशा उत्तराला सगळ्यात आधी तीच हसायची.

या धाकटीला बाईंनी हाताला धरून काम शिकवलं होतं. नियमाला आपली स्वतःची एक पुरवणीही जोडून दिली होती. घरचं माणूस विद्यार्थी असेल तर त्याची फाईल आपल्या टेबलावर ठेवायची नाही. मुलानं प्रवेश घेतला त्याच दिवशी बाईंनी त्याची सगळी कागदपत्रं धाकटीच्या हवाली केली आणि तिला बजावलं, "उद्या मी जरी विचारलं तरी सांगायचं नाहीस. रडले तरी नाही." धाकटी "हो ताई" म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचा डबा रोज एकाच टेबलावर उघडायचा, एकमेकींच्या भाज्यांना नावं ठेवत.

दुपारी हॉलतिकिटांचा गठ्ठा आला. धाकटी साहेबांकडे गेली होती, म्हणून शिपायानं तो बाईंच्या टेबलावर टाकला. मुलाच्याच वर्गाचा. आता हॉलतिकीट म्हणजे काही गुपित नव्हे, बाईंनी स्वतःची समजूत घातली. फोटोत कॉलर तरी नीट आहे का कार्ट्याची, तेवढं बघावं. गठ्ठा चाळला. पुन्हा चाळला. नावच नाही!

धाकटी दारात दिसताच बाई कडाडल्या, "अगं, डोळे कुठं ठेवून काम करतेस? माझ्याच मुलाचं तिकीट गहाळ? परीक्षा तोंडावर आलीय पोराची! एवढंसं काम दिलं तुला, तेही धड होईना?"

अख्खं ऑफिस बघायला लागलं. धाकटी कानापर्यंत लाल झाली.

"गहाळ नाही झालं, ताई."

"मग कुठाय?"

"त्याचं येणारच नाही."

"येणार नाही म्हणजे?"

"मला सांगता येत नाही. त्यानं लिहून दिलंय. घरच्यांना काही सांगू नका म्हणून."

कुणीतरी उगाचच खुर्ची सरकवली. बाईंनी टेबलाची कड धरली.

"केव्हापासून? रोज माझ्या डब्यात जेवतेस तू, आणि... अगं, सांग की! आई आहे मी त्याची! आई!"

शब्द तोंडातून गेले आणि बाईंना स्वतःलाच ऐकू आले.

धाकटीचे डोळे भरले. "मी त्याला हजारदा म्हटलं, घरी सांग रे बाबा. तो म्हणाला, आईनं विचारलं तर सांगेन."

मग ती उठली. "मी जरा पाणी पिऊन येते," ती हळूच म्हणाली. "कॉम्प्युटर चालूच आहे, ताई."

सगळे जण एकाएकी आपापल्या कामात बुडाले. बाई धाकटीच्या खुर्चीत जाऊन बसल्या. हात माऊसपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. नियम आठवला म्हणून नव्हे. नियम गेला खड्ड्यात! त्यांना भीती वाटली. त्याच्यापेक्षा आपल्याबद्दलच काहीतरी कळेल अशी भीती. त्या उठून आपल्या जागेवर आल्या.

त्या दिवशी लवकर निघून घरी जाताना त्यांनी सगळं मनाशी जुळवलं. ओरडायचं नाही. समोर बसवायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि विचारायचं. इतक्या वर्षांत आपण त्याला काय काय विचारलं, ते आठवायला लागल्या. पेपर कसा गेला? बरा. बरं, मग ताटावर बस. लोकांच्या आया पोरांच्या मागे हात धुऊन लागतात, आपण तसल्या नाही, याचा केवढा दिमाख होता!

मुलगा नेहमीच्या वेळेला आला. पाठीवरची बॅग खुंटीला लावली, बूट काढले. बुटांचे तळ झिजून पार कागदासारखे झाले होते. दिवसभर कुठं चालत असेल हा? बाईंना ते आज दिसले.

"आई, आज लवकर आलीस?"

बाईंनी तोंड उघडलं.

"डबा संपवलास?"

"संपवला," बॅगेतून डबा काढत तो म्हणाला. आणि लगेच गेला नाही. दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला, आणखी काही विचारतील म्हणून थांबावं तसा.

बाईंनी त्याच्या हातातून डबा घेतला, नळाखाली धरला आणि घासायला लागल्या. डबा स्वच्छ झाला तरी घासतच राहिल्या. मागे त्याच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.