डांबराखालचा पत्रा

कोरड्या बर्फाचा खोका गॅरेजात ठेवून दादा शटर खाली ओढायला लागला.

"अरे, काय करतोयस?" ठिणगी किंचाळली. वेल्डिंग करणाऱ्या धाकट्या बहिणीचं हे नाव दादानंच पाडलं होतं.

"गारवा बाहेर जायला नको."

"मग आपणच जाऊ वर! हा बर्फ वितळत नाही, त्याचा वायू होतो. कोंडला की श्वास अडतो. उघड सगळं!"

दादानं शटर सताड उघडलं. "लहानपणापासून नुसते हुकूम सोडतेस."

समोर वडिलांची जुनी मोटार होती, सीटा काढलेली. तळाच्या पत्र्यावर कारखान्यानंच आवाज दाबायला डांबराचा जाड थर दिलेला. खरवडलं तर पत्र्याला ओरखडे, तापवलं तर नुसता चिकटा. आणि खाली काय, ते कुणालाच ठाऊक नाही. दोघांचं ठरलं होतं: पत्रा कुजका निघाला तर मोटार भंगारात. याच मोटारीत वडिलांच्या मांडीवर बसून ठिणगीनं पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं.

जाड हातमोजे चढवून तिनं ड्रायव्हरच्या बाजूला, जिथे पाणी हमखास मुरायचं तिथेच, पांढरे दाणे पसरले. धुकं मोटारीच्या दाराच्या उंबऱ्यावरून ओघळत दोघांच्या पायांशी आलं.

"नाटकात भूत असंच येतं," दादा म्हणाला.

"शू!"

तड्.

कुणी हातही लावला नव्हता. तड्, तडतड. थंडीनं डांबर आकसत होतं, पत्रा तेवढा आकसत नव्हता. इतक्या वर्षांची मिठी आपोआप सुटत होती. ठिणगीनं बर्फ बाजूला सारून लाकडी हातोडीनं हलकेच टिचकी मारली. हातभर तुकडा टुणकन उडाला. आणखी एक. काचेसारखे!

खाली गंज रोखायला दिलेला तांबडा अस्तररंग, काल लावल्यासारखा. त्यात एका पंजाचा ठसा. पाचही बोटं, अगदी रेषांसकट.

दादा गुडघ्यांवर बसला. "कुणाचा गं?"

"ज्यानं ही घडवली, त्याचा. रंग ओला असताना टेकला असेल. डांबर पडलं, मग कुणी पाहिलाच नाही."

ठिणगीनं श्वास रोखून ठशाशेजारी पत्र्यावर हातोडी ठोकली. कुजका असता तर थप्प वाजला असता.

टण्ण!

भिंतीवर टांगलेले नट-बोल्टचे पानेसुद्धा थरथरले असं तिला वाटलं. डोळे भरून आले, हसूही फुटलं.

दादानं खिशातून फोन काढला. "भंगारवाले काका, उद्या नका येऊ. नाही, परवाही नको." मग हात पुढे केला. "ते दुसरे हातमोजे दे. पलीकडची बाजू मी करणार. आणि हुकूम सोडू नकोस."