सहा अकरा

मी दप्तरं शिवते. नवी नाही, फाटलेली. शाळेच्या फाटकासमोर माझा गाळा आहे. त्यात एक मशीन, एक स्टूल आणि चेनच्या रनरनी भरलेली एक बरणी. पट्टा तुटला, चेन बिघडली, तळ उसवला की पोरं माझ्याकडे येतात. माझी जीभ सुईपेक्षा टोकदार आहे, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत बापडे.

पण त्या वर्षी या जिभेला गप्प बसावं लागलं, कारण चूक माझीच होती.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. इमारतीतल्या बायकांची एक कमिटी आहे आणि वन्सं तिच्या अध्यक्ष. दर जूनमध्ये, शाळा उघडली की, ही कमिटी लोकांकडून वह्या-पेन्सिली गोळा करून समोरच्या शाळेत वाटते. वन्सं जन्मभर एका जहाज कंपनीच्या कचेरीत होत्या. तिथे महिना आधी आणि तारीख नंतर लिहायची पद्धत. निवृत्त झाल्या तरी सवय काही जात नाही.

त्यांनी मला फोन केला. "पत्रकं छापायला टाक गं. सहा अकरा. शाळेला मी कळवलंय."

मी लिहिलं, ६/११. छापखान्यातला माणूस हौशी. आकडे बरे दिसत नाहीत म्हणून त्याने ठळक अक्षरांत छापलं, 'सहा नोव्हेंबर'. मला नमुना दाखवायलाही आणला होता. त्या वेळी माझ्यापुढे बारा दप्तरांची चळत होती. मी फक्त वन्संचं नाव नीट छापलंय का ते बघितलं, कारण आदल्या वर्षी त्यात काना राहिला होता आणि मी महिनाभर बोलणी खाल्ली होती. नाव बरोबर होतं. मी म्हटलं, छाप.

अकरा जूनला शाळेच्या पटांगणात टेबलं मांडली, सात रिकामी खोकी ठेवली, एकशे चाळीस पोरं रांगेत उभी केली. दोन तास. आलं कोण? एक म्हातारा, तोही रस्ता चुकून. कमिटीच्या बायकांनी स्वतःच्या घरून आणलेल्या तेरा वह्या तेवढ्या टेबलावर होत्या. शेवटी कुणीतरी पत्रक वाचलं आणि वन्संच्या पायाची आग मस्तकात गेली.

"अगं, नोव्हेंबर? वह्या नोव्हेंबरात वाटतात का कधी?"

"तुम्हीच म्हणालात, सहा अकरा!"

"सहावा महिना, अकरा तारीख! शेंबडं पोरही सांगेल!"

शेंबडी पोरं समोरच होती, एकशे चाळीस. कुणी काही सांगितलं नाही. नुसती खोक्यांकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुख्याध्यापिका बाई मात्र शांत. म्हणाल्या, "जाऊ द्या हो. जूनमध्ये आणखी दोन संस्था येतात. काल एका मुलाच्या दप्तरात चार पट्ट्या निघाल्या."

वन्संना पत्रकं पुन्हा छापून पुढच्याच आठवड्यात वाटप उरकायचं होतं. मी अडून बसले. म्हटलं, "लोकांच्या हातात सहा नोव्हेंबर गेलंय ना? मग सहा नोव्हेंबर. चूक माझी, मीच निस्तरीन. नाही जमलं तर कमिटी सोडते."

"नोव्हेंबरात काळं कुत्रंही फिरकणार नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि पोरांना पुन्हा रांगेत उभं करायचं असेल तर तू कर. मी नाही यायची." आणि खरंच माझ्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटल्या तर कठड्याशी बोलायच्या. सगळ्या इमारतीत माझं नाव 'सहा अकरा' पडलं. आमच्या ह्यांनीसुद्धा सोडलं नाही. चहा कधी देतेस विचारायचे आणि वर म्हणायचे, "नाही, सहा अकराला असेल तर तसं सांग."

ऑक्टोबरमध्ये एक चष्मेवाली माझ्याकडे आली. तिसरीतली. दप्तराची चेन गेली होती. चेन काढायची तर दप्तर रिकामं करावं लागतं. त्यातून बोटाच्या पेराएवढी पेन्सिल निघाली, आणि एक गणिताची वही. वही हातात घेतली तर पानं जुन्या धोतरासारखी विरलेली, दोन ठिकाणी आरपार भोक.

"हे काय गं? उंदरांनी खाल्ली?"

"नाही. खोडली." ती सहज म्हणाली. "वही संपली ना. मग जूनचं खोडायचं आणि त्याच्यावर आताचं लिहायचं. जुलैपण झाला. आता ऑगस्ट खोडतेय."

"आणि बाई ओरडत नाहीत?"

"जुना अभ्यास दाखव म्हणतात. मग मी गप्प बसते."

मी मशीनवरचा पाय काढला. वीस वर्षं दप्तरं रिकामी करतेय मी. दर ऑक्टोबरला हेच बघतेय. पुठ्ठ्यावर लिहिलेली गणितं, समासात कोंबलेल्या कविता, नखात धरायच्या पेन्सिली. आणि दर जूनला त्याच पोरांना आम्ही टाळ्यांच्या कडकडाटात पाचवी पट्टी देतो. इतकी वर्षं माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याचा मला असा संताप आला की चेन उलटी शिवली. पुन्हा उसवली.

तशीच उठून शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, "आत्ता काय संपलंय? नेमकं सांगा."

बाईंनी चष्मा वर केला. "हे आजवर कुणी विचारलं नाही हो." मग कागद ओढून लिहायला लागल्या. रेघांच्या वह्या, चौकटींच्या वह्या, पेन्सिली. खोडरबर लिहायला गेल्या तर मी त्यांचा हात धरला. "ते मात्र नको."

यादी मी माझ्या हाताने उतरवून गाळ्यावर लावली, जिन्यात लावली, वन्संच्या दारावरही लावली. त्यांनी दार उघडलं नाही.

सहा नोव्हेंबरला मी शाळेच्या फाटकात एक टेबल टाकून बसले. या वेळी पोरांना रांगेत उभं करू नका, असं बाईंना बजावलं होतं. पण पोरं ती पोरं, खिडक्यांतून माना बाहेर काढून बसली. त्यात चष्मा चमकत होता. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. सातही खोकी रिकामीच. माझी पाचावर धारण बसली. माझ्यामुळे याच पोरांनी दोनदा रिकामी खोकी बघायची? नुसत्या विचारानेच डोळे भरून आले.

पावणेदहाला फाटकापाशी बस थांबली. थांबा नसताना. चालक खाली उतरला, हातात दोन डझन वह्या. "तुमचं पत्रक पाच महिने समोरच्या काचेला लावलंय बाई. रोज वाचतो. विसरणार कसा?"

मग रीघच लागली. कुणी पत्रक फ्रिजवर लावलं होतं, कुणी आरशात खोचलं होतं. जूनमध्ये स्वतःच्या पोरांच्या खरेदीत बुडालेली माणसं आता निवांत होती, यादी बघून आणत होती. न्हाव्याने पेन्सिली आणल्या, त्याही टोक करून. सात खोकी भरली.

आणि आठवं खोकं घेऊन कोण आलं? वन्सं. धापा टाकत.

"बघतेस काय? धर!" त्या म्हणाल्या. "चौकटींच्या आहेत. तुझ्या यादीत चौकटी लिहिताना वेलांटी चुकलीय."

पाच महिन्यांनी त्या माझ्याशी बोलत होत्या आणि वेलांटीची चूक काढत होत्या. मी तिथेच त्यांना मिठी मारली. "पुरे गं, लोक बघतायत," म्हणाल्या, पण सोडलं नाही.

पुढच्या जूनमध्ये फोन वाजला. "पत्रकं छापायला टाक. सहा अकरा. आणि या वेळी घोळ घालू नकोस. सहा तारीख, अकरावा महिना!"

"शेंबडं पोरही सांगेल," मी म्हटलं आणि त्यांनी फोन आपटला.

पण त्याआधी, फेब्रुवारीत, चष्मेवाली पुन्हा आली होती. या खेपेला पट्टा तुटला होता. मी दप्तर रिकामं केलं आणि नोव्हेंबरची वही उघडली. नोव्हेंबर होता, डिसेंबर होता, जानेवारी होता. पान न पान जागच्या जागी. मी हातातलं काम टाकून सगळी गणितं वाचली. निम्मी चुकलेली होती.

पण होती.