मीठ बरोबर झालंय

“वैनी, काय केलंयस आज?”

शेजारच्या गॅलरीतून नजीराचा आवाज आला. कळंब्याच्या त्या इमारतीत दोघींच्या गॅलऱ्या इतक्या लागून होत्या, की एकीच्या फोडणीनं दुसरी शिंकायची. त्यामुळं हा प्रश्न रोज संध्याकाळी ठरलेला.

“आमटी-भात. दुसरं काय करणार? तू?”

“मेथी केली बघ, डाळ घालून. सना म्हणती, अम्मी, वरनं लसूण जाळून घाल. मी म्हटलो, घालतो बाई, पर खा तेवढी!”

अरुणा हसली आणि आत वळली. उन्हं कलली होती, आणि जैनांच्या रिवाजानं सूर्य मावळायच्या आत सासऱ्यांना जेवू घालायचं होतं. जेवू घालायचं म्हणजे नाकातल्या नळीतून आत सोडायचं. घशाच्या ऑपरेशननंतर अण्णांचं गिळणंही गेलं होतं आणि बोलणंही.

अण्णा, म्हणजे बाबासो, कबनूरच्या पुढं मळा कसलेला माणूस. खाण्याच्या बाबतीत महाचोखंदळ. अरुणा सून होऊन आली, तेव्हापासून पहिल्या घासाला ‘मीठ कमी हाय’ हे ऐकल्याशिवाय तिचा एक दिवस गेला नाही. पण नावं ठेवली तरी ताटात शीत ठेवायचे नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचे, बोटानं फिरवायचे आणि ते धुवण पिऊन टाकायचे. उष्ट्यात जीव पडतात, ते पाप कुणी घ्यायचं, म्हणायचे. नव्या नवरीला ते बघून शिसारी आली होती. तिनं स्वतः ते कधीच केलं नाही.

नळी बसल्यावर सुरुवातीला ती घरात शिजलेलंच मिक्सरमधून काढून, गाळून सोडायची. एकदा नळी तुंबली. दवाखान्यात ती ओढून दुसरी घालताना अण्णांनी पलंगाची कड अशी धरली, की नखं निळी पडली. डॉक्टरांनी बजावलं, आता फक्त डब्यातली पावडर, दुधात कालवून, पिचकारीनं सोडायची. घरी आल्यावर अण्णांनी पाच बोटं जुळवून ओठांपाशी नेली आणि भुवया उडवल्या. काय केलंय?

“पावडर हाय अण्णा,” ती खरं बोलली. अण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “भरली वांगी. अगदी पातळ करून गाळलीयात.” अण्णांचे डोळे मिटले. गळ्याची वाळलेली शीर हलली. मग त्यांनी अंगठा बोटांवर चोळला. मीठ?

“बरोबर झालंय.”

तिथून ते सुरू झालं. मोतीबिंदूनं अण्णांची नजर अधू, नळीमुळं नाकाला वास नाही. रोज पावडरच, पण नाव नवं. स्वतः अरुणा ओट्यापाशी उभ्यानं आमटी-भात गिळायची. बँकेतली नोकरी आणि हे आजारपण, यात चार पदार्थ करायला तिला हात कुठले? नावं सुचेनाशी झाली की नजीराच्या स्वयंपाकातली उसनी घ्यायची, त्यातली चालणारी तेवढी निवडून.

त्या संध्याकाळी मात्र ती दमली होती. अण्णांची बोटं ओठांपाशी गेली आणि ती बोलून बसली, “मेथी, डाळ घालून.”

अण्णांचा हात तिथंच थांबला.

चातुर्मास चालू होता. चातुर्मासात पालेभाजीला शिवायचं नाही, हा नियम अण्णांनी मिसरूड फुटायच्या वयात मुनी महाराजांसमोर घेतला होता आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा मोडला नव्हता. अर्धी पिचकारी आत गेली होती. अण्णांनी नळी चिमटीत गच्च दाबली. दुसऱ्या हातानं स्वतःच्या गालावर मारून घेतलं, एकदा, परत एकदा. मग भिंतीवरच्या महावीरांच्या तसबिरीकडं बघून हात जोडले.

“अण्णा, चुकून बोललो मी! दोडका होता, दोडका.”

त्यांनी मान हलवली. सून आपलं मन राखायला बोलतेय, असं त्यांना वाटलं असणार.

रात्री नवरा, अनेकांत, इचलकरंजीहून आला. बापाचा कोरडा पडलेला ओठ बघून म्हणाला, “डॉक्टरांनी सांगितलेलं औषध होतं म्हण. औषधाला पाप न्हाय.”

तेही सांगून झालं. अण्णा ढिम्म. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटी, दुपारी चिमटी. मोडलेल्या नियमाचं प्रायश्चित्त ते उपासानं घेत होते, आणि त्या अंगात उपास झेपण्याइतकं मांसच उरलं नव्हतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, असंच चाललं तर मग माझ्याकडं आणू नका.

अरुणा स्वयंपाकघरात डब्यासमोर बसली. खरं सांगावं, तर चार महिन्यांची वांगी, पोळ्या, आमटी, सगळं म्हाताऱ्याच्या पोटातून काढून घेतल्यासारखं होणार. न सांगावं, तर जन्मभर सांभाळलेला नियम शेवटी सुनेनं मोडला, असं समजून तो मरणार. इकडे आड तिकडे विहीर. तिला स्वतःचा संताप आला, आणि त्या मेथीचाही.

ती डबा घेऊनच खोलीत गेली.

“अण्णा, तुमचा नियम मोडला न्हाय. मेथी नव्हती. वांगी पण नव्हती. काहीच नव्हतं. एवढे दिवस हेच घालतोय मी. खोटं बोललो तुमच्याशी.”

तिनं ओल्या बोटावर चिमूटभर पावडर घेतली आणि त्यांच्या जिभेवर टेकवली. गोडूस, दवाखान्यासारखी चव असणार ती. अण्णांनी ती बराच वेळ जिभेवर धरली. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडं ओघळलं. मग नळीवरची बोटं एकेक करून सुटली.

पिचकारी आत गेली. पण त्या संध्याकाळी बोटं ओठांपाशी गेली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. नजीरानं गॅलरीतून विचारलं, “काय केलंयस?” आणि अरुणाला रडूच फुटलं. तिनं नजीराला सगळं सांगून टाकलं.

नजीरा कठड्यावरून पुढं वाकली. मग म्हणाली, “मग आता करून दाव की. खोटं सांगत हुतीस, ते खरं कर.”

अरुणानं दोडका चिरला. शेंगदाण्याचं कूट घातलं, दोन ज्वारीच्या भाकरी थापल्या. सूर्य मावळायच्या आत ताट वाढून अण्णांच्या पलंगापाशी खाली बसली. नळी चालू केली आणि म्हणाली, “दोडका हाय. बघा, खरा हाय.” घास मोडून खाल्ला. अण्णा तिच्या जबड्याकडं बघत राहिले. दुसऱ्या घासाला त्यांचा अंगठा बोटांवर फिरला.

तिनं चव घेऊन बघितली. “कमी पडलंय, अण्णा.”

अण्णांच्या छातीतून खर्रकन आवाज आला. ते हसले होते.

मग रोज तसंच. ती त्यांच्यासमोर जेवायची आणि खरं काय ते सांगायची. भोपळा खवट निघाला, आमटी पांचट झाली, भाकरी करपली. अण्णांचं पोट दिवसेंदिवस कमी घेऊ लागलं; निम्मी पिचकारी, मग पाव.

भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वाच्या आदल्या संध्याकाळी तिनं मुगाची उसळ केली. अण्णांनी सकाळपासून डोळे उघडले नव्हते, तरी ती ताट घेऊन बसली. अर्धी भाकरी झाली, पण अंगठा हलला नाही. तिनं वर बघितलं. छातीही हलत नव्हती.

“मीठ बरोबर झालंय आज,” ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

ताटात एक घास उरला होता. तोही तिनं खाल्ला. मग तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, बोटानं कडेकडेनं फिरवलं, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि ते धुवण पिऊन टाकलं. बाहेर अजून उजेड होता. तिनं ताट खाली ठेवलं आणि अनेकांतला फोन लावला.