मास्तर आज भांडले नाहीत

तिच्या नर्सच्या गणवेशाच्या खिशाचं बटण एकाच दोऱ्यावर लोंबत होतं. नाडी बघायला ती वाकली की तेही खाली यायचं आणि मास्तरांच्या नाकासमोर झुलायचं, आणि मास्तरांनी, जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या माणसानं, त्याच्याकडे पाहिलं, अगदी सरळ पाहिलं... आणि ते काही बोलले नाहीत.

काल याच बटणावरून त्यांनी तिची हजेरी घेतली होती. परवाही. आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडलेली, हाताला सलाईन, तरी तोंडाचा पट्टा चालू. सर्जनबाईंच्या टाक्यांनाही त्यांनी नावं ठेवली होती – टाका बरा आहे, पण हात घाईचा – आणि सगळा वॉर्ड हसला होता.

आज नाडी थोडी जलद, पण चालवून घेण्याइतकीच. ताप नाही. रक्तदाब ठीक. दुखतं का विचारलं तर म्हणाले, ठीक आहे. शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको बसली होती, वॉर्डातले सगळे तिला काकू म्हणत. काकूंनी तिला हातानंच बाजूला बोलावलं.

"आज कुठे शांत झालेत हे. जरा पडू द्या ना, सिस्टर."

आणि खरंच, एवढं झालं तरी काय? माणूस गप्प बसला म्हणून कुणी सर्जनला बोलावतं का... मागच्या आठवड्यात बोलावलं होतं की. खिडकीजवळच्या आजींचं काहीतरी बिनसतंय असं तिला वाटलं, धावपळ झाली, तपासण्या झाल्या, आणि निघाला पोटातला वायू. तेव्हापासून तिचं नाव ज्योतिषीबाई. चहाच्या वेळी कुणीतरी तिच्यापुढे तळहात पसरायची, माझी बदली कधी ते सांगा. ती हसण्यावारी न्यायची, पण लागायचंच. पुन्हा हसं झालं तर पुढच्या वेळी तिच्या शब्दावर कोण धावून येईल? आणि गप्प राहिली, आणि आतला जोड सुटलेला असला, तर संध्याकाळपर्यंत मास्तर हाताबाहेर गेलेले असतील. भीती दोन्हीची वाटत होती. जास्त कशाची, ते तिला ठरवता येईना.

पण भीतीच्याही खाली एक कुतूहल होतं – हे कळतं तरी कुठून? आई बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसलेली असायची आणि एकदम म्हणायची, दूध बघ. जाऊन बघावं तर दूध काठाला आलेलं. कसं कळलं म्हणून विचारलं की चिडायची, कळलं म्हणजे कळलं, त्यात काय सांगायचं? वास यायचा? आवाज बदलायचा? की दूध कितीदा तरी उतू गेलं होतं, आणि माझ्या लक्षात मात्र वाचलेलं तेवढंच राहिलं... आणि आत्ता मला खरंच काही कळतंय, की रोज माझ्याकडे लक्ष देणारं माणूस आज देत नाही म्हणून माझंच मन खट्टू झालंय?

ती परत पलंगाशी गेली.

"मास्तर, हे बटण कसं वाटतं?"

त्यांनी पुन्हा पाहिलं. "चांगलं आहे," ते अदबीनं म्हणाले.

मग घाईच्या वेळी सहसा कुणी करत नाही ते तिनं केलं. मनगट धरून, नाडीच बघतेय असं भासवत, तिनं छातीकडे पाहत श्वास मोजले. तक्त्यावर सगळ्या वॉर्डाचे श्वास सारखेच असतात. हात सवयीनं तोच आकडा लिहून मोकळा होतो, सकाळी तिच्याही हातानं तोच लिहिला होता. मास्तरांचे श्वास त्या आकड्याच्या पुष्कळ पुढे निघून गेले होते, उथळ, चोरून घेतल्यासारखे.

फोनवर सर्जनबाईंनी विचारलं, नेमकं काय दिसतंय. श्वास वाढलेत, नाडीही थोडी, ती म्हणाली आणि अडखळली. मग म्हणूनच टाकलं, "आणि मास्तर आज भांडले नाहीत."

त्या हसल्या नाहीत... की फोन लांब धरून हसल्या, कोण जाणे. स्कॅनला पाठवा, मी येते, एवढंच म्हणाल्या.

स्ट्रेचर दाराबाहेर गेलं. काकू नवऱ्याच्या चपला हातात धरून उभ्या राहिल्या. त्या रागावतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी मोकळ्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"काही निघू नये हो, सिस्टर. तुम्हीपण म्हणा."

"काही निघू नये," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि त्यांच्यामागे आत काहीतरी हललं. तिनं कान दिला, तर तिथे कुणीतरी नेमकं उलटं मागत होतं. निघू दे. थोडंसंच, वेळेत सापडलेलं, दुरुस्त होण्याजोगं... पण निघू दे. काकूंनी मनगट सोडलं नव्हतं. तिनंही सोडवून घेतलं नाही. लाज वाटत होती, आणि लाजेइतकंच नवलही वाटत होतं, की हे माझ्यात कधीपासून राहतंय, आणि आईनं सांगितलेलं दूध बघायला मी धावत जायची तेव्हा तरी मला ते काठाच्या आत हवं असायचं का.